उपवन तलावाकाठी जिओकॅश ठेवायचा आहे: डबा, जागा, परवानगी?

उपवनकर:
मंडळी, जिओकॅश म्हणजे कोऑर्डिनेटवरून (अक्षांश-रेखांशांवरून) शोधायचा लपवलेला डबा. ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने झाडीतून येऊरच्या पायथ्यापर्यंत मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायचा कॅश, करायचा विचार आहे. दोन टप्पे आणि शेवटी डबा. पहिले दोन टप्पे वनखात्याच्या चौकीच्या आत घेतले तर चालतील का? डबा पावसाळा काढेल असा कोणता? आणि झाडांखाली मोबाइलवर कोऑर्डिनेट सारखे हलतात, त्यावर उपाय काय?

रानवाट:
चौकीच्या आत काहीही ठेवू नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. परवानगी नसताना शोधणाऱ्यांना वाट सोडून झुडपांत शिरायला लावणं म्हणजे त्यांना अडचणीत टाकणं. वर तो बिबट्यांचा भाग. डबा काठावरच ठेवा, त्यासाठी महापालिकेची लेखी परवानगी घ्या आणि 'फक्त दिवसा' असं कॅशच्या वेबपानावर स्पष्ट लिहा.

पहिले दोन टप्पे डब्याविना करा. कोनशिलेवरचं साल, पायऱ्यांची संख्या अशा आकड्यांतून शेवटचे कोऑर्डिनेट काढायला लावा. दुसऱ्या कॅशपासून किमान 161 मीटर अंतराचा खेळाचा नियम प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंनाच लागतो, अशा टप्प्यांना नाही. रंगवलेल्या फलकावरचा आकडा मात्र घेऊ नका. फलक नव्याने रंगवला की कोडं मोडलं.

पारसिक:
डब्याबद्दल. चारही बाजूंना खटके आणि झाकणात रबरी रिंग असलेला, अर्ध्या लिटरच्या आसपासचा डबा घ्या. बहुतेक डबे भिजतात ते आतल्या पिशवीमुळे. लॉगबुकची (शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीची) झिपलॉक पिशवी मोठी असली की तिचा कोपरा रिंगेवर येतो. खटका लागतो, पण केसाएवढी फट राहते आणि जुलैच्या पावसात आत लगदा होतो. पिशवी डब्याच्या तळापेक्षा लहानच हवी. रिंगेच्या खाचेत वाळूचा कण अडकला तरी हेच होतं, म्हणून 'झाकण लावण्याआधी रिंगेवरून बोट फिरवा' अशी चिठ्ठी आत ठेवा.

ठेवण्याआधी चाचणी घ्या: आत कोरडा टिश्यू, वर वीट, आणि डबा रात्रभर बादलीत बुडवून. टिश्यूची कडा जरी ओलसर झाली तरी तो डबा बाद. सिलिका जेलच्या पुडीवर भिस्त नको, डबा उघडला की दरवेळी दमट हवा आत जाते आणि पुडी लवकरच निकामी होते. लिहायला पेन्सिलच. ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि जेलपेनची शाई पसरते.

खाऊ, सुवासिक खोडरबर, लोणच्याचा जुना डबा, यातलं काहीही नको. माकडं आणि घुशी वासावर येतात, झाकण कुरतडलं की संपलं.

आणि कळकळीने सांगतो, काळी टेप गुंडाळलेला पाइप किंवा लष्करी रंगाची पेटी ठेवू नका. बेवारस वस्तू म्हणून कोणीतरी पोलिसांना फोन करेल, आणि ते योग्यच असेल. पारदर्शक डबा घ्या आणि बाहेरून मराठीत ठळक लिहा: 'हा खेळाचा डबा आहे, धोका नाही.'

खाडीकिनारा:
कोऑर्डिनेट हलतात कारण दाट पानांखाली उपग्रहांचा सिग्नल कमजोर होतो आणि खोडांवर, भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. फोन जागेवर ठेवून पाच मिनिटं थांबा, मग नोंद घ्या. निरनिराळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी किमान तीन नोंदी घेऊन सरासरी काढा. नंतर तीसेक मीटर लांब जाऊन दोन-तीन दिशांनी त्या आकड्यांवर परत चालत या.

नकाशातला दशांश अंशांतला आकडा कॅशच्या पानासाठी अंश-मिनिटांत उतरवताना सांभाळा. 19.2200 म्हणजे 19° 13.200 मिनिटं (0.22 × 60). तिथे 19° 22.00 लिहिलंत तर माणूस 16 किलोमीटर उत्तरेला, घोडबंदरच्या खाडीपलीकडे जाईल. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे उत्तर-दक्षिण 1.85 मीटर, तेव्हा चौथ्याच्या मागे लागू नका.

उपवनकर:
फार उपयोगी, आभार. पाण्यालगतच्या दगडी बांधाच्या फटीत डबा कसा वाटतो?

रानवाट:
नको. त्या फटींत पाणदिवड साप असतो. विषारी नाही, पण हात घातला तर कडकडून चावतो. मातीच्या उभ्या काठातली भोकंही सोडा, खंड्या तिथे घरटं करतो. काठच्या गवतात पावसाळ्यात लाजरी पाणकोंबडी अंडी घालते, लोक डबा शोधत ते गवत तुडवतील. शिवाय पावसाळ्यात पाणी वर चढतं.

वाटेवरून हात पोचेल अशी, कमरेएवढ्या उंचीची जागा पाहा: झाडाचा फाटा किंवा कठड्याची मागची बाजू. आत काय आहे ते हात घालण्याआधी दिसलं पाहिजे. खिळा ठोकू नका, खणू नका. फाट्यात ठेवलात तर जाड सुती दोरी सैल बांधा. झाड वाढतं, तार रुतते. पहिला मोठा पाऊस झाला की जाऊन झाकण तपासा.