मदत हवी आहे: कळलावीला फुलं भरपूर, शेंग एकही नाही

रेणाकाठ
कळलावीला फुलं लागतात, पिवळ्याची लाल होतात आणि वाळून जातात. शेंग धरतच नाही. मागच्या पावसाळ्यात पण हेच. वेल ठणठणीत आहे, पानाला कीड नाही. मला बी पाहिजे. बहर ओसरायच्या आत काय करता येईल ते लवकर सांगा. आणि विषारी आहे हे कुणी सांगू नका, माहीत आहे.

माळरान
लावलीय कुठं? बांधावर, अंगणात, कुंडीत? एकच वेल आहे का जास्त? काही फवारता का? काहीच लिहिलं नाही तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

जीवामृत_पाटील
सरळ आहे, जमिनीत दम नाही. दर पंधरा दिवसाला जीवामृत सोडा. माझ्या सोयाबीनला बुडापासून शेंड्यापर्यंत शेंगा लगडल्यात. फोटो टाकू का?

माळरान
पाटील, सोयाबीनचं फूल आतल्या आतच फळतं, त्याला बाहेरचा पाहुणा लागत नाही. कळलावीचं तसं नाही. फूल नीट बघा एकदा. उलटं टांगलेलं असतं, सहाही पाकळ्या वर वळलेल्या, सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडं फाकलेले. आणि मधली हिरवी दांडी, जिच्या टोकावर पराग पडायला पाहिजे, ती बुडातूनच काटकोनात वळून एका बाजूला निघून गेलेली. स्वतःचा पराग स्वतःला सहजासहजी लागूच नये अशी रचना आहे ती. तिथं खत ओतून काय होणार?

जीवामृत_पाटील
खताशिवाय काहीच होत नसतं साहेब.

सात_पेट्या
मधमाश्या कमी झाल्यात, दुसरं काय. पेटी ठेवा. सातेरी माशी मिळते, हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माळरान
माशी येते, पुंकेसराला लटकते, पराग गोळा करते आणि जाते. ती वळलेली दांडी तिच्या वाटेत येतच नाही, आली तर चुकून. मध पाकळ्यांच्या बुडाशी असतो. तिथं तोंड घालताना ज्याचं अंग किंवा पंख पुंकेसरालाही घासेल आणि दांडीच्या टोकालाही, असं मोठं कुणीतरी पाहिजे. मोठी फुलपाखरं, नाहीतर शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा पक्षी.

सात_पेट्या
माझ्या पेट्यांशेजारच्या कुंपणाला कळलावी आहे आणि शेंगा लागतात. आता बोला.

माळरान
कुंपणाला फुलपाखरं येत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला?

गुहागरची_सुमन
किती सुंदर फूल! आमच्याकडे गौरीत तेरड्याबरोबर हेही असतं. तुमच्याकडे नसतं का?

औसेकर
नाही ताई, आमच्याकडं महालक्ष्म्या असतात, मुखवट्याच्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या. आणि कळलावी घरात आणली तर आजी उंबऱ्यावरूनच परत पाठवील. घरात भांडणं लागतात म्हणे. (या धाग्यावर तर लागलीच आहेत.)

दत्ता_नांदेड
सासऱ्यांना गाऊट आहे. त्याचं औषध याच झाडापासून निघतं असं ऐकलं. कंद उगाळून लावला तर चालेल का?

कंपाउंडर
अजिबात नाही. औषधाचं नाव कोल्चिसिन, गोळी 0.5 मिलिग्रॅमची असते. उगाळलेल्या कंदात किती उतरलं हे कोण मोजणार? रताळं समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बसत जातो, आणि उतारा म्हणून काही औषध नाही. लहान मुलं, शेळ्या, सगळ्यांपासून लांब ठेवा.

रेणाकाठ
विषारीचं सांगू नका म्हणलं होतं ना.
लातूरला आहे. दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत मोठी कुंडी, एकच वेल. फवारणी नाही. ऊन भरपूर. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, ती काय सगळ्यांकडंच असते. पानाच्या शेंड्याला आकडा असतो ना, त्यानं वेल जाळी धरून मस्त वर गेलाय. कंद मामाच्या बांधावरचा आहे. तो बांध जेसीबीनं सपाट केला, बोरीबाभळीचं कुंपण गेलं आणि तिथली कळलावीही गेली. म्हणून बी पाहिजे, परत लावायला.

माळरान
जाळी! ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती. मधमाशी जाळीतून आत येते, मोठं फुलपाखरू आणि शिंजीर कसे येणार?
आता हातानं करा. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथं शेतकरी सकाळी हेच करतात. ज्या फुलाच्या पुंकेसरांवर पिवळी पूड सुटलीय त्यातला एक चिमट्यानं काढा आणि दुसऱ्या ताज्या फुलाच्या आडव्या दांडीच्या टोकावर, जिथं तीन फाटे दिसतात तिथं, घासा. फूल वाळलं तरी मधला हिरवा भाग फुगत राहिला तर शेंग धरली. एकाच वेलाचा पराग चालतो, पण दुसऱ्या वेलाचा मिळाला तर दाणे जास्त भरतात. रामलिंगच्या घाटातून उपटून आणायच्या भानगडीत पडू नका, अभयारण्य आहे ते.

औसेकर
बियांच्या नादी कशाला लागता? फुलं यायला दोन-चार वर्षं जातील. दिवाळीनंतर वेल वाळला की कंद उकरा. जुना आक्रसून गेलेला असतो, त्याच्या जागी नवा दुफाटा, नांगरासारखा. सांध्यात मोडा, दोन वेल.

माळरान
मोडताना शेंडा दुखावला की संपलं. डोळा तिथंच असतो. आणि दोनाचे चार करून बांध कधी भरणार? बीच बरं.

औसेकर
मी मोडलेत, उगवलेत.

रेणाकाठ
आज सकाळी तीन फुलांना घासलं. बघू. पण जाळी काढूनच टाकली तर शिंजीर येईल का? आणि मग कबुतरांचं काय करायचं?

सात_पेट्या
कबुतरांना काळी पिशवी लटकवा.

गुहागरची_सुमन
जुन्या सीडी लावा, चकाकतात. आमच्याकडे चालतंय.

दत्ता_नांदेड
सीडीवर तर कबुतरं बसतात.