जुन्या लेन्स डिजिटल रेंजफाइंडरवर : सेन्सर वाया जातो का?

काचवेडा : मोजपट्टी यांनी काल लिहिलं, 'लायका एम११ या रेंजफाइंडरच्या (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याच्या) ६० मेगापिक्सेलवर जुनी काच (लेन्स) लावणं म्हणजे सेन्सर वाया घालवणं.' हे वाचून राग आला. माझी सुमिक्रॉन, ही लायकाची आत मिटणारी घडीची लेन्स, १९५० च्या दशकातली. एफ/२ ला, म्हणजे लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं असताना, कडा मऊ पडतात, मान्य; बारीक करून एफ/५.६ ला अख्खी फ्रेम कसून उतरते. शिवाय कॉन्ट्रास्ट कमी, म्हणून सावल्यांत तपशील जास्त मिळतो.

मोजपट्टी : तपशील कुठला? काचेतला विखुरलेला उजेड सावल्यांवर पसरतो, त्या फक्त फिक्या होतात. आणि खरं दुखणं फोकसचं आहे. माझ्या ज्युपिटर-३ या सोव्हिएत लेन्सने दोन वर्षं छळलं. मुलीच्या डोळ्यावर जुळवायचं आणि कान स्पष्ट यायचा. लायका एम८ वर, प्रत्येक वेळी!

सावलीकर : अहो, तो दोष जुनेपणाचा नाही! ज्युपिटर-३ चं मूळ काँटॅक्स या जुन्या जर्मन कॅमेऱ्याच्या सोनार लेन्समध्ये. लायकाचं रेंजफाइंडर ५१.६ मिमी फोकल लेंग्थ धरून बेतलेलं, ही काच त्याहून किंचित लांब. अनंताला (अगदी लांबच्या वस्तूला) बरोबर बसवली की जवळ चुकते. आतली शिम (पातळ चकती) बदलून एक मीटरला जुळवून घ्यायची.

मोजपट्टी : घेतली होती! कारागिराने जवळचं जुळवलं, तर लांबचं गेलं. शिवाय सोनारचा फोकस अ‍ॅपर्चर बारीक केलं की मागे सरकतो, त्याला कुठली शिम लावणार?

काचवेडा : लाइव्ह व्ह्यू लावा, फोकस मागच्या पडद्यावर बघा. लायका एम२४० पासून आहे.

मोजपट्टी : मग रेंजफाइंडर घेतलाच कशाला? पडद्यावरच बघायचं तर मिररलेस काय वाईट?

सावलीकर : एका लेन्ससाठी पडदा लावला म्हणून बाकीच्या दहा वेळचा रेंजफाइंडर फुकट जात नाही. एका वाईट ज्युपिटरवरून सगळ्या जुन्या काचांना नावं ठेवताय, हे पटत नाही. बोलायचंच तर वाइड (रुंद कोनाच्या) लेन्सवर बोला. तसल्या ज्युपिटर-१२ ची मागची काच सेन्सरला जवळपास भिडते. कडेला किरणं फार तिरकी पडतात, लायका एम९ वर कडा जांभळट होतात. तिथे मीही हरलो, ती आता फक्त फिल्मवर लावतो.

काचवेडा : सावल्यांचं मोजपट्टींचं बरोबर, माझे शब्द चुकले. पण फिक्या सावल्या मला हव्या आहेत, भर उन्हातले चेहरे त्यामुळे काळवंडत नाहीत.

मोजपट्टी : हवं असणं वेगळं, चांगलं असणं वेगळं. तुमच्या सुमिक्रॉनने एक मीटरवर तिरकी ठेवलेली मापाची पट्टी एफ/२ ला पाच वेळा टिपा. पाचपैकी चार फोटोंत फोकस जागेवर आला तर 'वाया' हा शब्द मागे घेईन.

काचवेडा : रविवारी टिपतो. पाचही दाखवीन, चुकलेले धरून.