सिस्कोच्या आधीचे राऊटर

दादा, राऊटरची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्राची, सुरुवात 1984 साली सिस्को कंपनीपासून झाली असं तुम्ही म्हणालात, त्यात थोडी भर घालतो. त्याआधीची पंधरा वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

1969 मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीने अर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यासाठी, आयएमपी नावाचं यंत्र बनवलं. आत हनीवेलचा 516 संगणक, आणि जोडणी सेकंदाला फक्त 50 किलोबिटची! प्रत्येक आयएमपी शेजाऱ्याला विचारायचा, 'तुझ्याकडून तिकडे किती वेळ लागेल?' आणि उत्तरावरून वाट ठरवायचा. बीबीएनमधल्या विल क्राउदर यांची ही पद्धत सुंदर होती, पण वाट तुटल्यावर गोंधळ व्हायचा. करूळ घाट दरडीने बंद झाला, आणि गगनबावडा कोल्हापूरकडे बोट दाखवतोय, कोल्हापूर परत गगनबावड्याकडे, तसं. पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, मधेच फिरत राहायची. म्हणून 1979 मध्ये पद्धत बदलली: प्रत्येकाकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा. इथे राजारामपुरीत मी मुलांना ओएसपीएफ ही राऊटरची वाट ठरवायची आजची पद्धत शिकवतो, त्याचं मूळ हेच. सूत्रं पाठ करण्याआधी त्यांना हा इतिहास कळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

व्हर्जिनिया स्ट्राझिसार यांचं नाव तर कुणी घेतच नाही. वेगवेगळी जाळी जोडणाऱ्या पहिल्या गेटवेचा, म्हणजे आजच्या भाषेत राऊटरचा, प्रोग्राम त्यांनी बीबीएनमध्येच 1975 च्या सुमारास लिहिला. सिस्कोचं म्हणाल, तर स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम येगर यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर कंपनीचे सुरुवातीचे राऊटर उभे होते, आणि त्याचा रीतसर परवाना कंपनीने 1987 मध्ये घेतला.