डाव्या स्तनाचं रेडिएशन : हृदय आणि उजवी बाजू कशी जपायची? मदत हवी आहे

माझ्या वहिनीला (वय ३९) डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्तन वाचला, केमो संपली. आता १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन ठरलंय. पुढच्या आठवड्यात सीटी सिम्युलेशन (रेडिएशनचा प्लॅन आखण्यासाठीचा स्कॅन) आहे. रेडिएशन घ्यायचंच, त्यात दुमत नाही. काळजी आहे ती शेजारच्या अवयवांची.

किरण छातीला तिरके देतात, तरी डाव्या बाजूला हृदयाची पुढची कड आणि तिथली रक्तवाहिनी सापडू शकते. २०१३ च्या स्वीडन-डेन्मार्कच्या अभ्यासात हृदयाच्या सरासरी डोसमधल्या दर १ ग्रेमागे मोठ्या हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वहिनीच्या आईलाही हार्टचा त्रास, त्यामुळे हा आकडा डोक्यातून जात नाही.

श्वास रोखून रेडिएशन देतात (डीआयबीएच) असं कळलं. पण केमोनंतर वहिनीला जिना चढला तरी धाप लागते. वीसेक सेकंद श्वास धरणं तिला जमेल का? आणि उजव्या स्तनावर एक्स-रेच्या वेळी देतात तसा शिशाचा एप्रन टाकता येतो का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. दादा तर या विषयावर बोलतच नाही, सगळं मीच विचारतेय.

प्रतिसाद :

ताई, मी रेडिओथेरपी विभागात काम करते. ७.४ टक्के ही वाढ मूळ धोक्यावर धरायची. तो शंभरात ४ असेल, तर १ ग्रेमुळे साधारण ४.३ होतो.

खोल श्वास भरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं. सिम्युलेशनला नेहमीच्या श्वासातला आणि रोखलेल्या श्वासातला, असे दोन्ही स्कॅन होतील का ते विचारा. मग दोन्ही प्लॅनमधला 'मीन हार्ट डोस' (हृदयाला जाणारा सरासरी डोस) डॉक्टरांकडून समजून घ्या. श्वास सुटला तर बीम थांबवतात, दम खाऊन पुन्हा सुरू करतात. धापेचं मात्र आधी डॉक्टरांना सांगा. त्यांनी हो म्हटलं की घरी उताणं झोपून, हात डोक्यावर घेऊन सराव करू दे. बऱ्याच जणींना जमतं.

एप्रनचा इथे उपयोग नाही. हे किरण एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे असतात, आणि विखुरलेल्या किरणांचा बराच भाग शरीराच्या आतूनच पलीकडे पोचतो. तो बीमचे कोन आणि प्लॅनची पद्धत यांनीच कमी होतो. चाळिशीच्या आतल्या बाईसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यामुळे 'उजव्या स्तनाला किती डोस जातोय?' हे फिजिसिस्टना (डोसचं गणित बघणाऱ्या तज्ज्ञांना) नक्की विचारा. प्लॅन मंजूर व्हायच्या आधी विचारलंत तर बदल करणं सोपं जातं.