मदत हवी आहे: 'मारिया ला देल बारियो' आधी बघू की मूळ मालिका?

नमस्कार मंडळी. स्पॅनिश शिकतेय, कान तयार व्हावा म्हणून मेक्सिकोची एखादी जुनी टेलिनोव्हेला (तिकडची टीव्ही मालिका) पूर्ण बघायचा विचार आहे. 'मारिया ला देल बारियो'वर (१९९५-९६, कलाकार थालिया आणि फर्नांदो कोलुंगा) गाडी अडली आहे.

कचऱ्याच्या ढिगातून वस्तू वेचणारी मारिया, तिला आपल्या बंगल्यात आसरा देणारे श्रीमंत डॉन फर्नांदो, त्यांचा बिघडलेला मुलगा लुईस फर्नांदो. प्रेम, लग्न, संशय, आणि मग भ्रमिष्ट अवस्थेत मारिया आपलं तान्हं बाळ लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बाईच्या हाती देते! शिवाय मेली असं वाटलेली खलनायिका सोराया परत येते. तिचं ते किंचाळणं मीम्समध्ये इतकं पाहिलंय की खरं तर मालिका तिच्यासाठीच बघायची आहे.

पण ही १९७९ च्या 'लोस रिकोस तांबिएन योरान'ची नवी आवृत्ती आहे. त्यात नायिका व्हेरोनिका कास्त्रो होती आणि ती मालिका रशियातही तुफान चालली. आता प्रश्न:

जुनी आधी पाहिली तर नवीची मजा जाईल का? संवाद कुठले सोपे, स्पष्ट आहेत? वस्तीतली मारिया आणि बंगल्यातली माणसं यांच्या बोलण्यातला फरक नवशिक्याला कळतो का?

इंग्रजी सबटायटल्ससह, अधिकृतपणे, सगळे भाग कुठे मिळतील? तुकडे तुकडे नकोत. आईपण सोबत बसणार आहे. तिला भाषा नाही कळली तरी चालेल, सासू-सून प्रकरण आपोआप कळतं म्हणते.

शेवट कृपया सांगू नका.