मदत हवी आहे : आबांची डबल बार की नवी रिव्हॉल्वर?

तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत वस्तीवर राहतो. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही. महिन्यात दोन वस्त्यांवर रात्री चोर शिरले. कॅमेरे, सोलर दिवे, दोन कुत्री, पत्र्याच्या शेडला नवं कुलूप, सगळं झालंय. ते सुचवू नका.

वडिलांकडे (आबांकडे) १९८८ पासून परवान्याची बारा बोअरची डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक आहे. वय ७४. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला शस्त्र वारसाच्या नावावर करता येतं, म्हणून कलेक्टर कचेरीत माझा नमुना ए-१ (शस्त्र परवान्याचा अर्ज) भरायचाय. अर्जात शस्त्राचा प्रकार लिहावा लागतो, तिथंच अडलोय.

बंदूक उघडून पाहिली. उजवी नळी स्वच्छ, डावीत गंजाचे ठिपके, दस्त्याला सुतळी गुंडाळलेली. निवडणुकीला ठाण्यात जमा करताना दर वेळी आबांचा जीव खालीवर होतो, तो भाग वेगळा! भाऊजी म्हणतात, सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्वर घे, आटोपशीर असते. मला ती महागडी हौस वाटते. अंधारात, घाबरलेल्या हाताने, आयुष्यात कधी न चालवलेल्या माणसाचा नेम काय लागणार?

घरात ७ आणि १० वर्षांची मुलं आहेत. त्यामुळे भिंतीत बोल्ट मारलेली तिजोरी, काडतुसं वेगळ्या कुलपात, हे पक्कं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेणारच.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा : बारा बोअरच्या चार नंबर काडतुसातले छर्रे वस्तीच्या पातळ पत्र्याच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत जातात का? आणि डावी नळी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवून ठेवण्यासारखी आहे, की ठिपके पडले म्हणजे ती नळी संपलीच समजायची?