बाळाचं खातं कुठं काढायचं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

अनघा ३०२: सगळ्यांना नमस्कार, जरा सल्ला हवाय. आमच्या बाळाला चार महिने झाले, बारशाची पाकिटं अजून कपाटात तशीच पडलेली, काल रात्री ती झोपल्यावर सगळी फोडून मोजली तर ३१ हजारच्या वर भरले. पाकिटांवरचे चिकटवलेले रुपयेच डबीभर निघालेत. आता आमचे हे म्हणालेत बँकेत तिच्या नावानं खातं काढू, सासूबाई म्हणालेत पोस्टात टाका, आणि माहेरून फोन की गुजरीत सराफाकडं जा आणि सरळ सोन्याचं वेढणं घे. सोन्याचं नंतर बघू, पण खातं काढायचं तर कुठं? कुणी अलीकडं काढलंय का एवढ्या लहान पोराचं?

रोहित ४०१: स्टेट बँकेत आहे की वैनी, पहला कदम म्हणून. कुठल्याही वयाच्या पोराचं निघतंय, आई किंवा बापाबरोबर जॉइंट. दुसरं पहली उडान, ते दहा वर्षांच्या पुढच्या पोरांना, ज्यांना नीट सही करता येते त्यांचं. कार्डावर पोराचा फोटो पण येतोय 😀

अनघा ३०२: चार महिन्याच्या पोरीला कार्ड घेऊन काय करू रोहित 😅

आप्पा १०१: बँकेत कशाला घालवतीस पोरी. आमच्या पतसंस्थेत टाक. बँकेपेक्षा व्याज जास्त आणि पिग्मीवाला रोज दारात येतोय. रोजचं ५० टाकलं तरी शाळेत जाईतोवर केवढं हुतंय बघ

आप्पा १०१: चेअरमन आपल्या तालमीतला माणूस हाय

शुभांगी काकू २०१: आप्पा थांबा जरा, मी लिहायलेय.

शुभांगी काकू २०१: अनघा, कुठली बँक हे नंतर. आधी तुम्ही दोघं बसून ठरवा की हे पैसे मधे लागणार आहेत का नाहीत. कारण बचत खात्यात व्याज म्हणून काही हाताला लागत नाही गं. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५ पासून २.५० टक्के, पोस्टाच्या बचत खात्याला ४ टक्के. म्हणजे तुझ्या ३१ हजारावर बँकेत वर्षाला पावणेआठशे रुपये, पोस्टात बाराशे चाळीस. लसीकरणाच्या दोन खेपा प्रायव्हेटला केल्यास की संपलं व्याज. खातं तिच्या नावानं असावं, चेक यायला, पुढं शाळेची स्कॉलरशिप वगैरे यायला, त्याला माझी ना नाही, पण तिथं पाचशे-हजार ठेव आणि बाकीचं उचलून दुसरीकडं लाव. मुलगी आहे, सुकन्या काढ, म्हणजे ती मुलींसाठीची सरकारची सुकन्या समृद्धी बचत योजना. एवढं सरळ आहे हे.

सुजाता ३०४: सुकन्याला दीड लाख भरायला लागतात ना दरवर्षी? आम्हाला एजंट तसंच सांगत होता

शुभांगी काकू २०१: नाही गं बाई. दीड लाख ही वरची मर्यादा. कमीत कमी वर्षाला २५०. पूर्वी हजार होते, २०१८ ला २५० केले. भरायचे पंधरा वर्षं, खातं मुदत पूर्ण होतं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी, मधली सहा वर्षं नुसतं व्याज चढत राहतं. दर सध्या ८.२ टक्के, जानेवारी २०२४ पासून तोच आहे. सरकार दर तिमाहीला जाहीर करतं त्यामुळं हाच कायम राहील असं धरून चालू नका, २०२० ते २३ मधे ७.६ होता आणि सुरुवातीला ९ च्या वर होता.

रोहित ४०१: मी आत्ता एक्सेलमधे टाकून बघितलं, महिन्याला हजार टाकले आणि दर ८.२ च राहिला तर भरणार १ लाख ८० हजार आणि एकवीस वर्षांनी साडेपाच लाखाच्या आसपास येतील. नाद खुळा. आणि वैनीनी नुसते हे ३१ हजार टाकले आणि नंतर वर्षाला अडीचशेच भरले तरी त्या ३१ चेच दीड लाखाच्या वर होतात.

शुभांगी काकू २०१: बरोबर. आणि रोहित, महिन्याला भरायचे असले तर ५ तारखेच्या आत भरायचे. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असते तिच्यावर व्याज धरतात, सहा तारखेला भरलेस तर त्या महिन्याचं गेलं. पोस्टात खिडकीवर हे कुणी सांगत नाही.

आप्पा १०१: आणि मधी पैसं लागलं तर? एकवीस वर्षं सरकारच्या घशात. पतसंस्थेत आज गेलो की आज पैसे

अनघा ३०२: आप्पांचं हे मात्र मला पण वाटतंय हं काकू. दवाखान्याचं काय निघालं तर?

शुभांगी काकू २०१: म्हणूनच पहिल्यांदा विचारलं की लागणार आहेत का. सुकन्यातनं मधे निघत नाहीत हे खरंच आहे. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणाला निम्म्यापर्यंत काढता येतात, ॲडमिशनचे कागद दाखवून. अठरानंतर लग्नासाठी बंद करता येतं. जीवघेणं आजारपण वगैरे असेल तर आधी बंद करायची सोय आहे पण ती पण पाच वर्षांनंतर. त्यामुळं सगळेच्या सगळे ३१ तिथं कोंबू नकोस. दहा हजाराची एफडी कर, ती मोडता येते, थोडं व्याज कापतील एवढंच. पण मला विचारशील तर लेकीचा पैसा असा थोडा अवघड जागीच असावा. हाताशी असला की फ्रिज बिघडतो, गाडीचा हप्ता येतो, दिराचं लग्न निघतं, आणि "परत टाकू की" म्हणून जो काढलेला असतो तो परत कुणी टाकत नाही. काउंटरला एवढी वर्षं हेच बघितलं.

विक्रम १०३: हे लै खरं बोललात काकू 🙏

शुभांगी काकू २०१: आता आप्पा, तुमच्या पतसंस्थेबद्दल. रागावू नका. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडनं माणशी ५ लाखापर्यंत मिळतात, फेब्रुवारी २०२० च्या आधी एकच लाख होते. आपल्या सहकारी बँकांनासुद्धा तो विमा आहे. पतसंस्थेला नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँक नसते, सहकार खात्याचा निबंधक असतो. तुमची संस्था चांगली असेल, मी नाही म्हणत नाही, पण व्याज जे जास्त देतात ते ह्या जोखमीचंच देतात हे ध्यानात ठेवा.

आप्पा १०१: तीस वर्षं झाली एक रुपाया बुडाला न्हाई माझा

विक्रम १०३: आप्पा, आमच्या आत्याचं पण असंच होतं, चेअरमन गावचाच, घरी जेवायला यायचा. तिच्या मुलीच्या लग्नाचे पैसे अडकले ते अजून हप्त्यानं दोन-दोन हजार मिळायलेत. नाव घेत नाही संस्थेचं. स्वतःचे ठेवा हवं तर पण बारक्या पोराचे नको.

आप्पा १०१: बरं बरं. पोरीचं तुम्ही बघा. माझी पिग्मी चालू ऱ्हाणार

अनघा ३०२: 🙏 काकू अजून एक. सासूबाईंची इच्छा आहे की खातं त्यांच्या नावानं असावं, म्हणजे नातीचंच पण पालक म्हणून आजी. मला नाही म्हणता येईना झालंय

शुभांगी काकू २०१: तुला म्हणायची गरजच नाही, नियमच तसा आहे. सुकन्या आई, वडील नाहीतर कायदेशीर पालक यांनीच काढायचं. आजी-आजोबांनी काढलेली बरीच खाती होती, २०२४ मधे सरकारनं ती आईवडलांच्या नावावर करून घ्यायला लावली. पण पैसे भरायला कुणाला बंदी नाही, सासूबाईंना सांग दर वाढदिवसाला तुम्ही भरा, पासबुक तुमच्याकडं ठेवा. खूश होतील.

सुजाता ३०४: आम्हाला तर एका बँकेत आईचं नाव पालक म्हणून घेतच नव्हते, वडलांची सही आणा म्हणाले. हे तर दुबईत. मी बाळाला कडेवर घेऊन दोन तास बसले होते तिथं, शेवटी उठून आले.

शुभांगी काकू २०१: चुकीचं सांगितलं त्यांनी. आई पालक म्हणून खातं उघडू शकते, रिझर्व्ह बँकेचं तसं स्पष्ट आहे, आणि एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात पुन्हा लिहिलंय. त्यातच दहा वर्षांवरच्या पोरांना स्वतःचं खातं स्वतः चालवायची मुभा आहे, रक्कम किती वगैरे बँक ठरवणार, पण खातं उणे जाऊ द्यायचं नाही. परत जा आणि शाखाधिकाऱ्याला ते परिपत्रक मागा, खिडकीवर वाद घालू नका.

रोहित ४०१: आणि अठरा पूर्ण झाल्यावर बघा हं. माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, खातं लहानपणी बाबांनी काढलेलं, अठरा झाला आणि खातं गप्प बंद. होस्टेलची फी त्यातच टाकलेली आणि निघेना. नवीन सही, नवीन केवायसी, त्याला एक दिवस कोल्हापूरला यायला लागलं त्यासाठी.

शुभांगी काकू २०१: हो, अठराला पालकाचा अधिकार संपतो, पोराची नवीन सही आणि नवीन सूचना घ्यायलाच लागतात. वाढदिवसाच्या आठवड्यातच करून टाकायचं.

अनघा ३०२: कागद काय काय लागतील?

शुभांगी काकू २०१: तिचा जन्मदाखला, तुझं आधार आणि पॅन, फोटो. दाखल्यावर तिचं नाव चढवलंय का ते बघ आधी. बऱ्याच जणांचं नावाची जागा रिकामी असते कारण जन्माची नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. वर्षाच्या आत महापालिकेत नाव फुकट चढवून देतात, नंतर विलंब शुल्क.

अनघा ३०२: आत्ता काढून बघितला. रिकामीच आहे 🤦‍♀️

विक्रम १०३: मग उद्या आधी महापालिका. आणि स्पेलिंग आत्ताच ठरवून घ्या घरात, दाखल्यावर, आधारवर आणि खात्यावर एकच पाहिजे, आमच्याकडं एक ए जास्त पडलाय तो अजून दुरुस्त करायलोय.

रोहित ४०१: वैनी सरकारच्या लेक लाडकी योजनेचं पण विचारा अंगणवाडीत, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार आहेत, जन्मल्यावर ५ हजार, अठराला ७५ हजार.

अनघा ३०२: आमचं पांढरं आहे रे. पण कामवाल्या मावशींच्या नातीला सांगते, त्यांचं केशरी आहे बहुतेक.

अनघा ३०२: ठरलं मग, २० हजार सुकन्यात, पोस्टात, पालक मी. १० ची एफडी. उरलेल्या हजारात साधं खातं. आईला सांगते वेढणं पुढच्या वर्षी.

प्रिया ४०३: मला मुलगा आहे, मला सुकन्या नाही, मग पीपीएफ (ते सरकारचं भविष्य निर्वाह खातं) काढू का त्याच्या नावानं? म्हणजे माझे दीड लाख आणि त्याचे वेगळे दीड लाख असं?

शुभांगी काकू २०१: पीपीएफ निघतं त्याच्या नावानं, ७.१ टक्के, पंधरा वर्षं. पण वर्षाला भरायची दीड लाखाची मर्यादा तुझी आणि त्याची मिळून. तुझ्या खात्यात तू आधीच लाख भरत असशील तर त्याच्यात पन्नासच. वेगळी मर्यादा मिळेल म्हणून काढत असशील तर काढू नकोस. आणि एफडी त्याच्या नावानं करून टॅक्स वाचेल असंही नाही, बारक्या पोराच्या ठेवीचं व्याज आईबापात ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. पीपीएफचं व्याज मात्र करमुक्त.

प्रिया ४०३: अरे देवा. हे आमच्या सीएनी सांगितलंच नाही

शुभांगी काकू २०१: विचारलं होतंस का त्याला? 😄 कागद घेऊन ये संध्याकाळी वर, बघू.